संशोधन विष्णुपुरीत, रुग्ण रांगेत

नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात काढलेले 516 फोटो आज जगभरातल्या प्रयोगशाळांत वापरले जातात. माणसाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे हे फोटो. मधुमेह नजर कशी पोखरतो हे संगणकाला शिकवायचं असेल, तर संशोधक जे मोजके संच हाताशी घेतात त्यांत हा एक आहे. 'इंडियन डायबेटिक रेटिनोपॅथी इमेज डेटासेट' हे त्याचं नाव. तो नांदेडजवळच्या विष्णुपुरीत, श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत तयार झाला. प्रसन्न पोरवाल, मनेश कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये तो प्रसिद्ध केला आणि कुणालाही वापरता येईल असा खुला ठेवला.

या कामाचा फलक नांदेडच्या प्रत्येक चौकात लागायला हवा होता. लागला नाही. मराठवाड्याचं नाव पेपरात येतं ते दुष्काळ, कर्ज आणि आत्महत्या यांच्यासोबत. इथल्या पोरांनी जगाला काही शिकवलं, ही बातमी आपण आपल्यालाच सांगत नाही.

काम काय होतं ते आधी नीट समजून घेऊ. मधुमेहाच्या रुग्णाच्या डोळ्यात थेंब घालतात. थोड्या वेळाने बाहुली मोठी होते. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकूवर, कपाळ पट्टीला. समोरच्या कॅमेऱ्यातून लख्ख उजेड चमकतो आणि पडद्यावर नारिंगी गोल उमटतो. एका बाजूला पिवळसर चकती दिसते, तिथून रक्तवाहिन्या फुटतात. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की बारीक केशवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. आधी टाचणीच्या टोकाएवढे लाल फुगवटे येतात, पुढे रक्त झिरपतं, चरबीचे पिवळे डाग बसतात. या सगळ्या काळात रुग्णाला चांगलं दिसत असतं. दुखत नाही, खुपत नाही. 'मला काय झालंय, मी तर पेपर वाचतो' असं म्हणणाऱ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झालेला असू शकतो. नजर धूसर होते तेव्हा बराच उशीर झालेला असतो, आणि गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही.

आता यातला एक फोटो घ्या. 4288 गुणिले 2848, म्हणजे सुमारे 1 कोटी 22 लाख बिंदू. 81 फोटोंमध्ये या टीमने प्रत्येक फुगवटा, प्रत्येक रक्तस्राव, प्रत्येक डाग बिंदू-बिंदूने आखून दिला. निसायला घेतलेल्या तांदळातून खडे वेचावेत तसं हे काम, फक्त इथे एक खडा सुटला तर यंत्र चुकीचं शिकतं. सगळ्या 516 फोटोंवर रोग किती पुढे गेलाय याची श्रेणी लिहिली. संगणकाच्या बुद्धीबद्दल सगळे बोलतात. त्या बुद्धीच्या मुळाशी नांदेडमध्ये पडद्यासमोर बसून डोळे शिणवलेल्या माणसांचे तास आहेत, हे कोण बोलतं?

भारतीय डोळेच का हवे होते? यंत्राला जे दाखवाल तेच ते शिकतं. तोवर संशोधकांच्या हाती जे नावाजलेले संच होते ते फ्रान्सचे, फिनलंडचे, अमेरिकेचे. दृष्टिपटलाचा रंग माणसागणिक आणि वंशागणिक बदलतो, कॅमेरे बदलतात, रोगाची अवस्थाही बदलते. युरोपच्या डोळ्यांवर घडलेलं यंत्र नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या शेतमजुराचा डोळा तेवढ्याच खात्रीने वाचेल, असं गृहीत धरणं हा धोका होता. विष्णुपुरीने तो ओळखला. 2021 मध्ये याच संस्थेतून समीक्षा पाचडे आणि सहकाऱ्यांनी दुसरा संच दिला. त्यात 3200 फोटो आणि 46 प्रकारचे दोष व आजार होते. मधुमेहापुरतं न थांबता संपूर्ण दृष्टिपटल वाचायला शिकवणारा हा संच.

इथवर अभिमानाचं. आता प्रश्नाचं.

एप्रिल 2018 मध्ये वॉशिंग्टनला वैद्यकीय प्रतिमांवरची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे नांदेडच्या या फोटोंवर जगभरातल्या संघांची स्पर्धा झाली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'आयडीएक्स-डीआर' या यंत्रणेला परवानगी दिली. डोळ्यांचा डॉक्टर शेजारी नसताना, साध्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात फोटो काढायचा आणि 'तज्ज्ञाकडे पाठवा' की 'वर्षाने पुन्हा या' हे यंत्राने सांगायचं. म्हणजे विज्ञान तयार होतं, परवानगीचा रस्ताही खुला झाला होता. आज आपल्या बहुतेक ग्रामीण आरोग्य केंद्रांत मधुमेहासाठी बोट टोचून साखर बघतात, रक्तदाब मोजतात, गोळ्या देतात. डोळ्याच्या पडद्याचा फोटो तिथे निघत नाही. किनवटच्या रुग्णाला त्यासाठी सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडून नांदेड गाठावं लागतं. त्याची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्या पोराचीही बुडते, आणि थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही म्हणून एकट्याने परत जाता येत नाही. मग तो येतच नाही.

देशात मधुमेही किती? 2023 च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज 10 कोटी 10 लाख. आणखी 13 कोटी 60 लाख उंबरठ्यावर. दरवर्षी एकदा यांतल्या सगळ्या मधुमेहींच्या पडद्याची तपासणी व्हायला हवी. देशातले सगळे नेत्रतज्ज्ञ दुसरं काही न करता बसले तरी हे उरकणार नाही. म्हणून तर यंत्राची गरज.

पण यंत्र आणून ठेवलं की काम झालं, असं समजणाऱ्यांनी थायलंडची गोष्ट वाचावी. गूगलने घडवलेली अशीच यंत्रणा 2018-19 मध्ये तिथल्या 11 सरकारी दवाखान्यांत वापरून पाहिली गेली. प्रयोगशाळेत तिची अचूकता तज्ज्ञांच्या तोडीची होती. दवाखान्यात काय झालं? नर्सबाईंनी काढलेल्या 1838 फोटोंपैकी 21 टक्के फोटो यंत्राने नाकारले. दर्जा बरा नाही म्हणे. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, कारण त्याच खोलीत दुसरी तपासणी चालू होती. फोटो वर चढवायला इंटरनेट रेंगाळायचं. एके ठिकाणी जोडणी दोन तास गेली आणि दिवसभरात 200 ऐवजी 100 जणांचीच तपासणी होऊ शकली. फोटो नाकारला की यंत्र सांगणार, तज्ज्ञाकडे जा. नर्सबाईंना फोटोत सगळं ठीक दिसत असतानाही रुग्णाला दूरच्या रुग्णालयात धाडावं लागायचं. गूगलच्या संशोधकांनी हे सगळं 2020 मध्ये स्वतःच लिहून जाहीर केलं. त्यांच्या प्रामाणिकपणाला सलाम. आपल्याकडे फसलेल्या प्रयोगाचा अहवाल कपाटाबाहेर निघत नाही.

या गोष्टीत माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती नर्सबाई आहे. तिला कुणी विचारलं होतं का, की बाई, तुमच्या खोलीला पडदा आहे का? सकाळी रांग किती असते? एका रुग्णाला किती मिनिटं देता येतात? कामाच्या जागेचा अभ्यास हाही संशोधनाचाच भाग असतो, आणि आपल्याकडे तो सर्वांत शेवटी होतो. बहुतेक वेळा होतच नाही.

दूर जायचं कारण नाही. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या एक लाखाहून जास्त अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाईल दिले. 2 जीबीचे. नोंदी ऑनलाईन भरा म्हणाले. 2021 मध्ये केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप आलं, सुरुवातीला इंग्रजीत. फोन तापायचा, अडकायचा, अ‍ॅप उघडायचं नाही. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या पदरात. शेवटी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी फोन सरकारच्या टेबलावर परत आणून ठेवले. बालकाचं वजन घेणारी, त्याला खाऊ घालणारी, त्याच्या आईला समजावणारी बाई आणि तिच्या हातात न चालणारा फोन. कुपोषणाची आकडेवारी कागदावरून पडद्यावर गेली, पण ती भरणाऱ्या बाईचं काम दुप्पट झालं, कारण रजिस्टरही तिला लिहावंच लागत होतं. हे अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी कुणी एक दिवस तरी अंगणवाडीत बसून खिचडी वाढली असती, तर पहिल्याच आठवड्यात मराठी आलं असतं.

आशाताईंचंही तेच. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा प्रश्नतक्ता त्यांनीच भरायचा; मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांचा पहिला संशय त्यांनीच कळवायचा. आणि सरकारने तोंडी मान्य केलेल्या मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून 2024 च्या सुरुवातीला त्यांनाच आझाद मैदानात दिवसच्या दिवस बसावं लागलं. उद्या डोळ्याचा फोटो काढायचं कामही त्यांच्याच यादीत घालतील. घाला जरूर. त्याच्या शेजारच्या रकान्यात पैसे किती ते आधी लिहा.

आता डोळ्यावरून ताटावर येऊ. मधुमेहाची अर्धी लढाई ताटातच आहे, आणि संशोधनाच्या बाबतीत मराठवाड्याचं ताट भरलेलं आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' या संशोधन संस्थेबरोबर मिळून 2018 मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण दिलं. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण 30 मिलिग्रॅम लोह आणि 20 मिलिग्रॅम जस्त असतं. 'परभणी शक्ती'त लोह 45 आणि जस्त 32. गोळी नाही, पुडी नाही, वरून काही मिसळायचं नाही. भाकरी तीच, पीठ मळायची पद्धत तीच, लोह दीडपट. ज्या राज्यात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आहे, तिथे याची किंमत काय हे वेगळं सांगायला नको. हा आकडा पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा. पाच वर्षांखालच्या पोरांचा आकडा 68.9 टक्के. हा वाचूनही ज्यांची झोप उडत नाही त्यांनी आरोग्याच्या खात्यात बसू नये.

आणि ज्वारी मधुमेहींनाही मानवते, यालाही विज्ञान आहे. तिच्या पिठूळ कणांभोवती काफिरिन नावाच्या प्रथिनाचं वेष्टण असतं. त्यामुळे स्टार्च हळू पचतो आणि साखर एकदम चढत नाही. आजीला काफिरिन माहीत नव्हतं, पण भाकरीवर दुपारपर्यंत काम निघतं हे माहीत होतं.

मग 'परभणी शक्ती' घराघरात का नाही? शेतकरी अडाणी आहे म्हणून? मुळीच नाही. तो हिशेबी आहे. मोंढ्यात जाऊन बघा. ज्वारीचे ढीग लागलेले असतात. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो. चमक बघतो, टपोरेपणा बघतो, दाताखाली चावून बघतो. पांढरी, मोत्यासारखी असेल तर भाव. लोह डोळ्याला दिसत नाही. जस्ताला वास नाही. ते मोजायला क्ष-किरणांवर चालणारं यंत्र लागतं, आणि ते संशोधन केंद्रात असतं. म्हणजे शेतकऱ्याने पौष्टिक ज्वारी पिकवली तरी मोंढ्यात ती साधी ज्वारीच. जास्त लोहाचे जास्त पैसे देणारा कुणी नाही. वाण तयार करणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं. भाव ठरवणारी व्यवस्था जागची हलली नाही.

हीच व्यवस्था दुसऱ्या बाजूने किती तत्पर आहे बघा. हमीभावाने सोयाबीन विकायला गेलात की केंद्रावर आर्द्रता मोजायचं यंत्र हजर. 12 टक्क्यांच्या वर ओल निघाली की माल परत. 2024 च्या हंगामात हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. पावसात भिजलेलं सोयाबीन घेऊन शेतकरी रांगेत उभे. नोव्हेंबरात, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, केंद्राने ही मर्यादा 15 टक्क्यांवर नेली. तोवर कित्येकांनी मिळेल त्या भावात माल विकून टाकला होता. माल नाकारणारं यंत्र खरेदी केंद्रावर पोचलं. मालाचा भाव वाढवून देणारं यंत्र अजून प्रयोगशाळेत आहे. तंत्रज्ञान कुणाच्या बाजूने आधी धावतं, हे यावरून कळतं.

सोयाबीनवर आणखी थोडं बोलायलाच हवं, कारण लातूर-नांदेडचं अर्थकारण त्याच्यावर उभं आहे. लातूरच्या बाजारात सौदा निघाला की त्याकडे अख्ख्या मराठवाड्याचे कान असतात. या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के तेल. डाळीत प्रथिनं असतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. आपण काय करतो? तेल काढतो आणि प्रथिनांनी गच्च भरलेली पेंड कोंबड्यांना घालतो, नाहीतर परदेशी धाडतो. ज्या शिवारात हे पिकतं, त्याच शिवारातलं पोरगं अंगणवाडीच्या तराजूवर हलकं भरतं.

'सोयाबीन पोटाला बाधतं, उग्र वास येतो', हे कारण सगळे सांगतात. कारण खरं आहे आणि त्याचा उपायही सापडलेला आहे. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन नावाच्या पाचक विकराला अडवणारं द्रव्य असतं, म्हणून पचत नाही. भिजवून चांगलं उकळलं की ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होतं. दाणा पाण्यात भिजवून दळला की लायपॉक्सिजनेज नावाचं विकर कामाला लागतं, म्हणून तो वास येतो. उकळत्या पाण्यात आधी घातलं की तेही थांबतं. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने तर ते पचन अडवणारं मुख्य द्रव्यच नसलेलं 'एनआरसी 127' हे वाण काढलं आहे. परभणीत 1976 पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठातलं या प्रकारचं देशातलं पहिलं. तिथे शिकलेली पोरं आज देशभरातल्या कारखान्यांत बिस्किटं, दूध, मसाले बनवतात. ज्ञान आहे, वाण आहे, माणसं आहेत, पीक तर आहेच. नाही ते एकच. अंगणवाडीच्या खरेदीच्या निविदेत 'जास्त लोहाची ज्वारी' आणि 'खाण्याचं सोयाबीन' अशा दोन ओळी.

त्या ओळी लिहिणं अवघड आहे का? महिला व बालविकास खात्याने ठरवावं, नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांना लागणारी ज्वारी 'परभणी शक्ती'चीच घ्यायची, तीही शेतकरी गटांकडून, क्विंटलमागे ठरलेली जादा रक्कम देऊन. नमुने परभणीला तपासा. बियाणं विद्यापीठ देईल. महिला बचत गट दळून देतील. लोहाला गिऱ्हाईक मिळालं की शेतकरी स्वतःहून पेरेल. त्याला पोषणावरची भाषणं ऐकवायची गरज उरणार नाही.

परत विष्णुपुरीला. हे गाव मला महत्त्वाचं वाटतं ते एकाच कारणाने. गोदावरीच्या धरणाशेजारच्या या शिवारात अभियांत्रिकीची संस्था आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे. यंत्र घडवणारे, विज्ञान शिकवणारे आणि रुग्ण, सगळे एका हाकेत. अशी जागा सहसा सापडत नाही.

आणि याच रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला 48 तासांत 31 रुग्ण दगावले. त्यांत तान्ही बाळं होती. औषधं होती की नव्हती, माणसं पुरेशी होती की नव्हती, यावर आरोप-प्रत्यारोप झाले. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांमुळे अडचण झाल्याचं अधिष्ठात्यांनीच सांगितलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि एका खासदाराने काय केलं? अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, कॅमेऱ्यासमोर. मला त्या दृश्याची चीड आली, आजही येते. झाडूने रिक्त पदं भरत नाहीत. सफाईच्या जागेवर सफाई कामगार नेमायचा असतो, नर्सच्या जागेवर नर्स. ते काम सरकारचं आहे, आणि खासदाराने विचारायचं ते सरकारला.

हे इथे का आणलं? कारण डोळ्याचा फोटो काढणारी व्यक्तीही शेवटी एक पद आहे. मंजूर पद, पगार, खोली, रजेवर गेली तर बदली माणूस. ती नसेल तर विष्णुपुरीची सगळी हुशारी वॉशिंग्टनच्या परिषदेत कामाला येईल आणि मुखेडच्या रुग्णाला येणार नाही.

संशोधकांवर मी हे ढकलणार नाही. त्यांना मोजतात कशाने ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत विज्ञान-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाला एका शोधनिबंधाचे 8 गुण. पुस्तकाला गुण, पेटंटला गुण, सरकारला दिलेल्या धोरणपत्रालाही गुण. एखाद्याने आपलं यंत्र आरोग्य केंद्रात नेऊन वर्षभर चालवलं, नर्सबाईंच्या तक्रारी ऐकून ते चारदा बदललं, तर त्याला स्वतंत्र गुण नाहीत. अशा व्यवस्थेत जो प्राध्यापक दवाखान्यात जाऊन बसतो तो स्वतःच्या बढतीचा तोटा करून बसतो. असे लोक आहेत, आणि त्यांचे उपकार आहेत. पण एखाद्याच्या चांगुलपणावर जिल्ह्याचं आरोग्य चालवायचं नसतं.

माझी मागणी मोठी नाही. विष्णुपुरीच्या रुग्णालयात मधुमेहासाठी येणाऱ्या प्रत्येकाचा, तो कुठल्याही विभागात आलेला असो, दृष्टिपटलाचा फोटो त्याच दिवशी निघावा. त्यासाठी एक अंधारी खोली, एक कॅमेरा आणि प्रशिक्षण दिलेली, नियमित पगाराची दोन माणसं. फोटो वाचायला अभियांत्रिकी संस्थेची यंत्रणा लावा, शंका असेल तिथे नेत्रविभागाचे डॉक्टर बघतील. पहिलं वर्ष यंत्र आणि डॉक्टर दोघांनीही प्रत्येक फोटो वाचावा आणि कोण कुठे चुकलं ते जाहीर करावं. ते जमलं की मुखेड, देगलूर, किनवटच्या रुग्णालयांत न्या. नेताना तिथल्या सिस्टरला आधी विचारा. पुढे संशोधनाला निधी देताना सरकारने एक अट घालावी. निधीचा ठरलेला वाटा जिथे ते वापरायचं आहे त्या दवाखान्याला, त्या अंगणवाडीला, त्या मोंढ्याला मिळेल. तो खर्च झाल्याचा हिशेब आल्याशिवाय प्रकल्प पूर्ण झाला असं म्हणायचं नाही.

जिल्हा परिषदेचे सदस्य, आमदार, खासदार यांना हे विचारायला पत्र लागत नाही. ते लग्नात भेटतात, दहाव्याला भेटतात, सप्ताहाच्या पंगतीत शेजारी बसतात. तिथेच विचारा. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात डोळ्याच्या पडद्याचा फोटो कधीपासून निघणार? अंगणवाडीत 'परभणी शक्ती' कधी येणार? उत्तराची तारीख घ्या आणि ती चारचौघांत सांगा.

आणि सरकारची वाट बघत तुम्ही थांबू नका. घरात कुणाला मधुमेह असेल, तर तो आढळला त्या वर्षी आणि नंतर दरवर्षी एकदा बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्या. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे; डॉक्टरांना 'पडदा बघा' असं स्पष्ट सांगा. जाताना सोबत कुणाला तरी न्या. चांगलं दिसतंय म्हणून टाळू नका; उपचार सर्वांत जास्त उपयोगी पडतात ते चांगलं दिसत असतानाच.